गल्ल्यामागे लिहिलेलं

[दृश्य: फलटण. सकाळ. दुकानाच्या फळ्या निघतात. तराजू, पोती, रद्दीचा गठ्ठा.]

फलटणला दलित लेखिका बेबीताई कांबळे यांचं किराणा दुकान होतं. समोर दिसतंय ते त्यांचं नव्हे, चित्रीकरणासाठी मांडलेलं. नवरा-बायकोनं सुरुवात केली ती सुटी द्राक्षं विकून. मग मीठ आलं, तेल आलं, डाळ-तांदूळ आले. मालक माल भरायला बाजारात गेले की गल्ल्यावर बेबीताई.

[दृश्य: हात रद्दीचं पान फाडतात, पुडी वळतात. कॅमेरा छापील ओळींवर थांबतो.]

आलेला कागद आधी वाचून काढायचा, मग त्यात साखर बांधायची. अर्धी बातमी इथे, उरलेली कुणा गिऱ्हाइकाच्या घरी गेलेली. वाचनाची गोडी लागली ती अशी. पुढे वाचनालयातली पुस्तकं आली. आणि दुपारी, दुकान रिकामं असताना, लिहिणं सुरू झालं.

लिहिलेलं लपवून ठेवायचं. नवऱ्याच्या दृष्टीस पडू द्यायचं नाही. हे जवळजवळ वीस वर्षं चाललं. अभ्यासासाठी फलटणला आलेल्या आणि फलटणच्याच होऊन गेलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी छापण्याचा आग्रह धरला, तेव्हा कुठे ते कागद बाहेर निघाले. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आले, १९८६ला पुस्तक झालं: ‘जिणं आमुचं’.

[दृश्य: डोक्यावर मोळी घेतलेली बाई. जवळून: सालपटात अडकलेला एक केस.]

यातल्या आठवणी वीरगावच्या महारवाड्यातल्या, बेबीताईंच्या आजोळच्या. बाया सरपण विकायला ब्राह्मण आळीत जात. मोळी दारात उतरवली की आतून हुकूम यायचा: लाकूड न् लाकूड नीट बघ, तुझा केस नाहीतर लुगड्याचा धागा अडकला असेल, तर घर बाटेल. मग उन्हात उभं राहून एकेक काटकी तपासायची. विटाळाबद्दल ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेलेत. बेबीताई तो एका केसावर दाखवतात.

[दृश्य: चूल. लहान हात भाकरी थापतात. पुढे रेखाटन: पायात अडकवलेला लाकडी खोडा.]

त्या इथंच थांबल्या असत्या, तर वाचणाऱ्यांची सोय झाली असती. जुलूम करणारे आळीपलीकडचे, सोसणारे आपले, हिशेब चोख. पण बेबीताई आपल्याच घरात शिरतात. आठ-नऊ वर्षांची सून पहाटे दळायला बसते. तिच्या भाकऱ्या बिघडतात, आणि सासू त्या शेजारणींना दाखवत फिरते. सून माहेरी पळाली तर धरून आणायची, पायात खोडा घालायचा. घोट्यातून रक्त यायचं. कुणाकुणाचं नाक कापलं जायचं. बेबीताई सबब देत नाहीत, कारण मात्र सांगतात: इतरांनी आम्हाला गुलाम केलं, आम्हालाही कुणावर तरी सत्ता हवी होती, मग आम्ही आपल्याच सुनांना गुलाम केलं.

आपल्या माणसांबद्दल असं लिहायला छाती लागते. ही पानं गौरवाच्या सभांमध्ये वाचून दाखवायला हवीत, असं आम्हाला वाटतं. मोळीचं पान वाचणं त्या मानानं सोपं.

[दृश्य: पुस्तकाची पानं उलटतात. लेखिकेचं छायाचित्र.]

एवढं सगळं सांगणारी बाई स्वतः मात्र पुस्तकात क्वचित भेटते. आजोळ आहे, मिस्त्रीकाम करणारे, बायकोला घराबाहेर पडू न देणारे वडील आहेत, बाबासाहेबांचं जेजुरीचं भाषण आणि त्यानंतर शाळेत निघालेली पोरं आहेत. लेखिकेचा स्वतःचा संसार जवळजवळ नाहीच. तो कळला माया पंडित यांनी २००८ साली केलेल्या इंग्रजी अनुवादात, सोबतच्या मुलाखतीतून: नवऱ्याचा संशय, मारहाण. हे पुस्तकात का नाही? त्यांचं म्हणणं, समाजाचं दुःख माझ्या दुःखापेक्षा मोठं.

उत्तर प्रामाणिक आहे, पण त्यानं आमचं पुरतं समाधान होत नाही. सुनेच्या घोट्यातलं रक्त हे जर समाजाचं दुःख, तर त्यांनी सोसलेला मार वेगळा कसा? शिवाय कागद लपवायचे होते ते नवऱ्यापासूनच.

[दृश्य: निंभोरे. आश्रमशाळेचं आवार, मुलांची रांग.]

पुढे फलटणजवळ निंभोऱ्याला त्यांनी मुलांसाठी आश्रमशाळा काढली. २०१२ साली बेबीताई गेल्या.