गिअरबॉक्स आधी, हायब्रिड नंतर

(गोव्यातील फोंडा येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. घरातली गाडी जुनी झाली, बदलायची आहे. आई-वडील बसणार, मुलगी आणि सून दोघी चालवणार, म्हणून पेट्रोल आणि ऑटोमॅटिक एवढं ठरलेलं आहे. शोरूममधला मुलगा म्हणतो, "काका, हायब्रिड घ्या." इथल्या निम्म्या घरांत सध्या हेच चाललं असेल. तर पहिली गोष्ट ही, की तो मुलगा जिला हायब्रिड म्हणतो ती बहुतेक वेळा माइल्ड हायब्रिड असते.

तिच्यात अल्टरनेटरच्या जागी पट्ट्यावर फिरणारा स्टार्टर-जनरेटर असतो आणि जोडीला एक लहानशी लिथियम बॅटरी. वेग कमी होताना बॅटरी भरते, गाडी उचलताना इंजिनाला थोडा हातभार लागतो, सिग्नलला इंजिन बंद होऊन पुन्हा अलगद चालू होतं. नुसत्या विजेवर मात्र गाडी हलत नाही. मारुतीने 2015 मध्ये डिझेल सियाझमध्ये हे तंत्र आणलं, तेव्हा त्यावर सरकारी अनुदान होतं. 2017 मध्ये ते काढून घेतलं.

आता मे महिन्यात दुपारी मेरशीच्या सिग्नलला उभे राहा. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. इंजिन थांबलं की कॉम्प्रेसरही थांबतो. थोडा वेळ पंख्याची गार हवा येते, मग काचा दमट व्हायला लागतात आणि इंजिन आपणहून सुरू होतं. आपल्या उकाड्यात ही बचत अशी अर्ध्यावर विरते. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरा. लिटरला पंधराऐवजी साडेसोळा मिळाले, तर साठ लिटर वाचतात, म्हणजे सहा हजारांच्या आतच. पसंतीच्या गाडीत फुकट येत असेल तर आनंदाने घ्या. त्यासाठी वरचं मॉडेल घेऊ नका.

डोकं लावायचं ते गिअरबॉक्सवर. सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या, असं समजून लोक नुसता रंग निवडतात, हे मला कधी कळलेलं नाही.

सर्वांत स्वस्त एएमटी. भारतात ती 2014 च्या सेलेरिओपासून घरोघरी पोचली. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. सपाट रस्त्यावर उत्तम. पण फेरीबोटीचा ओला, शेवाळलेला रॅम्प आठवा. पुढे टेम्पो अडकलाय, मागे स्कूटरवाला चिकटलाय, तुम्ही इंच-इंच वर चढताय. तिथे क्लच घासतो, तापतो. हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, नसेल तर गाडी मागे सरकते आणि मागचा स्कूटरवाला पुढचं बोलतोच. ज्यांना रोज फेरीने दिवाडी-चोडण बेटांवर जायचं, त्यांनी एएमटी घेण्याआधी दोनदा विचार करावा.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं, उठताना घासायला क्लच नसतो. असा चढ, चवथीला म्हापशाच्या बाजारातली गर्दी, सगळं शांतपणे सोसतो. 2022 च्या ब्रेझामध्ये जुन्या चार गिअरऐवजी सहा गिअरचा आला, तेव्हापासून मायलेजची तक्रारही बरीच कमी झाली. कुटुंबाच्या गाडीसाठी माझं मत यालाच.

सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात, प्रमाण सलग बदलत राहतं, म्हणून शहरात ती लोण्यासारखी. चोर्ला घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन जोरात दाबलीत, तर इंजिन वर जाऊन एका सुरात घोंघावत राहतं. यंत्राला त्रास नाही, कानांना आहे. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आळीपाळीने काम करतात, गिअर झटकन बदलतो, म्हणून ती चालवायला सगळ्यांत मजेदार. पण क्लच कोरडे की तेलात बुडालेले, हे विचारूनच घ्या. कोरडे असतील तर रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतात.

कराचंही पाहा. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठीवर 40. ब्रेझा लांबीने बसते, पण तिचं इंजिन 1462 सीसीचं, म्हणून ती 40 मध्ये. तेव्हा लहान टर्बो इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टर अशी जोडी मिळाली, तर ती आधी चालवून बघा. चालवताना एकटे जाऊ नका, घरचे सगळे बसवा, एसी लावा आणि चढावर थांबून परत उठवा.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली: "मग स्ट्राँग हायब्रिडचं काय?" ती खरी हायब्रिड, नुसत्या विजेच्या मोटरवरही चालते. मारुतीच्या अशा ग्रँड विटाराचा कंपनीचा आकडा लिटरला 27.97 किलोमीटर आहे. तिच्याच माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिकचा 2022 मध्ये 20.58 होता. रस्त्यावर दोन्ही कमी पडणार, म्हणून बावीस आणि चौदा धरू. रोज पेडण्याहून वेर्ण्याला कामाला जाणारा वर्षाला वीस हजार किलोमीटर सहज करतो. त्याचं पाचशेहून जास्त लिटर पेट्रोल वाचेल, साधारण पन्नास हजार रुपये. किमतीतला फरक अडीच लाखांचा असला, तर पाच वर्षांत फिटतो. ज्यांची गाडी मंगेशी, बाजार आणि लग्नकार्यं एवढीच फिरते, त्यांचा तो दहा वर्षांतही फिटणार नाही.