नागीण गेली, ठणका राहिला

कंगवा कपाळापाशी येतो आणि काकू हात मागे घेतात. डावीकडचे केस बोटांनीच सारखे करायचे. वैशाखातही पंखा बंद, कारण वारा लागला तरी कळ उठते. भुवईच्या वरचे हे फिकट वण नागिणीचे. खपल्या गळून चार महिने झाले.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू अंगातच राहतो, नसांच्या मुळाशी दडून. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या नसेच्या वाटेनं वर येतो. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेला तीन फांद्या. काकूंची वरची सापडली: कपाळ, पापणी, नाकाचा शेंडा. नस एका बाजूची, म्हणून पुरळही कपाळाच्या मध्यावर थांबलेलं. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीती गावोगाव आहे. ती खोटी. खरी घाई ७२ तासांची असते. विषाणूविरोधी गोळ्या तेवढ्यात सुरू व्हाव्या लागतात. ते तास इथे दूर्वा-तांदळाच्या लेपात गेले. (नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, तर डोळ्यांचे डॉक्टर त्याच दिवशी गाठायचे.)

पेन क्लिनिक. डॉक्टर कापसाचा पुंजका कपाळावरून फिरवतात. उजवीकडे काही नाही. आता डावीकडे.

दुखावलेली नस विनाकारण कळा धाडत राहते, तिथे नेहमीच्या पेनकिलरचं फारसं चालत नाही. म्हणून गॅबापेंटिन. रात्री ॲमिट्रिप्टिलीन, अगदी कमी मात्रेत. एक मूळची फिट्सवरची, दुसरी नैराश्यावरची. मेडिकलवाला विचारतो, "फिट येते का हो?" आणि घाबरून गोळ्या कपाटात जातात! मात्रा हळूहळू चढवायची, मूत्रपिंड अशक्त असेल तर बेतानं. सुरुवातीला झापड येते, गरगरतं. गुण यायला काही आठवडे लागतात.

ही लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची पट्टी. सिस्टर ती कात्रीनं कपाळाच्या मापाची कापतात, कड डोळ्यापासून लांब ठेवून दाबतात. बारा तास लावायची, बारा तास काढायची. तीही जखमा पूर्ण भरल्यावरच. एवढ्यानं भागलं नाही, तर भुवईच्या हाडापाशी नसेभोवती भुलीचं इंजेक्शन.

काहींचं दुखणं वर्षभरात ओसरतं, काहींचं राहतं. काकूंना आता रात्रीची झोप लागते.

पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची नवी लस भारतात २०२३पासून मिळते. डोस दोन, अंतर दोन ते सहा महिने. किंमत मात्र खिशाला जड.