तपासणीच्या खोलीत नेमकं काय होतं

श्रोतेहो, नमस्कार.

मी नागपुरात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. लहान मुलांच्या विकासाची तपासणी हे माझं रोजचं काम. मूल बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, वर्गात एका जागी बसत नाही, पाचवीत गेलं तरी वाचता येत नाही, अशा तक्रारी घेऊन आईवडील येतात. मुलाला स्वमग्नता म्हणजे ऑटिझम आहे का, अतिचंचलता म्हणजे एडीएचडी आहे का, अध्ययन अक्षमता आहे का, बौद्धिक अक्षमता आहे का, की दोन गोष्टी एकत्र आहेत, की यातलं काहीच नाही, हे आम्हाला शोधायचं असतं.

बहुतेक आईवडील पहिल्या भेटीत एकच विचारतात, "मॅडम, याचा आयक्यू किती?" शाळेने तोच मागितलेला असतो, नातेवाईकही तोच विचारतात, म्हणून त्यांनाही तोच महत्त्वाचा वाटतो. पण त्या आकड्याला अर्थ येतो तो त्याच्या आधी गोळा केलेल्या माहितीमुळे. ती माहिती न घेता कोणी अर्ध्या तासात आकडा लिहून दिला, तर त्याला तपासणी म्हणू नका. हे आज तुम्हाला मोकळेपणाने सांगायचं आहे.

सुरुवात आईच्या बोलण्यापासून होते. बाळंतपण कसं झालं, बाळ लगेच रडलं का, कावीळ किती दिवस होती, झटके आले का, मान कधी धरली, पहिला शब्द कोणता. आई बोलताना हमखास बाजूची आजी म्हणते, "याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता." आजीचं म्हणणं मी लिहून घेते, कारण घराण्याचा इतिहास कामाचा असतो. पण तेवढ्यावर थांबून राहू नका. बारा महिन्यांपर्यंत बाळ बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून स्वतःहून बोलत नसेल, तर दाखवायला न्या. आणि आलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात न्या. "मुलगे उशिराच बोलतात" हे वाक्य ऐकून घरी बसलेली मुलं माझ्याकडे पाचव्या-सहाव्या वर्षी येतात, तेव्हा गेलेल्या वर्षांचं मला फार वाईट वाटतं. त्याआधीच मदत मिळाली असती तर किती तरी सोपं झालं असतं.

आणखी एक, सगळ्यात आधी कान. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाची ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय मी पुढे जात नाही. मूल झोपेत असताना डोक्याला तारा लावून करतात ती बेरा तपासणी अनेकांना माहीत असेल. स्वमग्न म्हणून आणलेल्या मुलाला कमी ऐकू येतं, असं निघालेलं मी पाहिलं आहे. श्रवणयंत्र लागलं की अशा मुलाचा चेहराच बदलतो.

मग खेळ. माझ्या खोलीत चटई आहे, ठोकळे आहेत, भातुकली, एक बाहुली, चावीची गाडी आणि साबणाच्या पाण्याची बाटली. बघणाऱ्याला वाटतं मॅडम नुसत्या खेळताहेत. मी फुगे उडवते, मूल खूश होतं, मग झाकण घट्ट लावून बाटली त्याच्या हातात देते आणि गप्प बसते. आता ते काय करतं? माझ्याकडे बघतं, बाटली पुढे करतं, "आँ" म्हणतं, पुन्हा डोळ्यांत बघतं, की माझा हात मनगटाला धरून झाकणावर ठेवतं आणि चेहऱ्याकडे बघतच नाही? चावीची गाडी पळाली की आईकडे वळून "बघ ना" अशा नजरेने सांगतं, की गाडी उलटी करून एकच चाक फिरवत बसतं? रिकाम्या कपातून बाहुलीला चहा पाजतं का? हवी ती वस्तू मागायला बोट दाखवणं आणि "ते बघ, विमान!" म्हणून बोट दाखवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यात आपला आनंद समोरच्यालाही मिळावा ही ओढ असते, आणि ती ओढ कुठे, किती, कशी दिसते हे मला बघायचं असतं. एकाच खुणेवरून निदान होत नाही. चाक फिरवणारी कितीतरी मुलं अगदी नेहमीसारखी वाढतात.

हे सगळं पाहून झालं की मोजपट्टी काढायची. आपल्याकडे स्वमग्नतेच्या प्रमाणपत्रासाठी इसा नावाची भारतीय मापनश्रेणी वापरतात. बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली. तीत 40 मुद्दे आहेत, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, आणि बेरीज 70 किंवा त्याहून जास्त झाली तर स्वमग्नता धरतात. पण "डोळ्याला डोळा देत नाही" या एका मुद्द्याला 2 द्यायचे की 4, हे ठरवायला आधीचा तासभर खेळच लागतो.

अतिचंचलतेचं कोडं वेगळं. शाळेच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, "एक मिनिट बसत नाही." आणि माझ्यासमोर तोच मुलगा पाऊण तास शांत बसतो! वडील माझ्याकडे बघतात, बघा, काहीच नाही याला. पण माझी खोली त्याला नवी आहे, समोर एकच मोठं माणूस आहे, दर दोन मिनिटांनी नवं काम आहे. अशा ठिकाणी ही मुलं छान बसतात. म्हणूनच नियम असा आहे की लक्षणं घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत, सहा महिने टिकलेली असली पाहिजेत आणि त्यातली काही तरी बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असली पाहिजेत. त्यासाठी मी शिक्षकांशी फोनवर बोलते, वह्या मागवते. वहीचं पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवलं की पुष्कळ कळतं.

मुलींबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही. घरी म्हणतात, "आमची पोरगी फार शहाणी, आवाज नाही तिचा." लक्ष टिकत नसल्यामुळे ती मागे पडत जाते, किंवा मैत्रिणींची नक्कल करून कसंबसं निभावत राहते, आणि दहावीच्या तोंडावर कोलमडते. आपल्या घरात अशी गप्प मुलगी असेल तर तिला नक्की काय जमत नाही, हे एकदा नीट विचारा.

आता बुद्धिमापनाकडे येते. इथे आपल्या भागाचा थोडा अभिमान वाटावा अशी हकिकत आहे. 1930 च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. ती बिने-कामत चाचणी आजही अनेक दवाखान्यांत वापरली जाते. पुढे नागपुरात आर्थर मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन चाचणी तयार केली, आणि अमेरिकेतल्या व्हाइनलँड मापनश्रेणीचं रूपांतरही केलं. ते देशभर नागपूर रूपांतर म्हणूनच ओळखलं जातं. त्यात 89 मुद्दे आहेत, आणि ते मुलाला न विचारता घरच्यांना विचारायचे: स्वतःच्या हाताने जेवतो का, बटणं लावतो का, दुकानातून सामान आणतो का. मला ही मापनश्रेणी फार मोलाची वाटते, कारण जगणं कितपत जमतं हे तिच्यातून दिसतं.

पण या चाचण्या जुन्या झाल्या आहेत. न्यूझीलंडमध्ये शिकवणाऱ्या जेम्स फ्लिन यांनी 1984 साली अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवलं, की तिथल्या मुलांचे आयक्यूचे गुण दर दशकात सरासरी 3 ने वाढत गेले. म्हणजे जुन्या काळच्या मुलांच्या गुणांवरून केलेल्या तक्त्याशी तुलना केली तर आजचं मूल आहे त्यापेक्षा वरचं दिसतं, आणि ज्याला खरोखर मदत हवी ते मूल आकड्यावरून हुकतं. मराठी मुलांसाठी नवे तक्ते करणं हे सरकारने आणि विद्यापीठांनी हाती घ्यायला हवं, हे मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते.

आणि भाषा. मेळघाटातला कोरकू बोलणारा मुलगा आश्रमशाळेत मराठी ऐकतो, पण विचार करतो कोरकूत. त्याला मराठीत विचारलं की तो मान खाली घालतो. तेच त्याच्या मोठ्या बहिणीने कोरकूत विचारलं की उत्तर येतं, खुलासाही येतो. मराठीतल्या त्याच्या गुणांवर बुद्ध्यांक काढला तर तो त्या मुलाचा आकडा नसतो. गोंडी बोलणाऱ्या मुलांचंही तेच, आणि घरी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी अशा शहरातल्या मुलांचंही काही प्रमाणात तेच.

वाचन-लेखनाच्या अडचणीत तर हे फारच जपावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आपण सगळेच करतो, त्या अध्ययन अक्षमतेची खूण नव्हेत. मूल 'कमळ' वाचतं, पण 'चक्र', 'अर्क', 'कृती' आले की दर वेळी नव्याने अडतं, ओळ वाचायला इतका वेळ घेतं की शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरतं, तोंडी मात्र सगळं सांगतं. अशा वेळी शंका घ्यायची. मराठीत तपासायला आता डाली हे साधन आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ते हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी केलं. शिवाय 2020 साली पहिली-दुसरीत असलेल्या मुलांची शाळा बंद होती, हेही विसरून चालत नाही. ज्याला अक्षरं शिकवलीच गेली नाहीत त्याला अक्षमतेचा शिक्का लावणं अन्याय आहे. आधी काही महिने नीट शिकवायचं, मग पुन्हा बघायचं.

निदान सांगण्याच्या दिवशी मी आईवडिलांना दोघांनाही बोलावते. पुष्कळदा आई विचारते, "माझंच काही चुकलं का? मोबाइल दिला म्हणून झालं का?" नाही. तुमच्यामुळे झालेलं नाही. मोबाइलने स्वमग्नता होत नाही. पण मोबाइलसमोर गेलेला वेळ बोलण्या-खेळण्यातून जातो, म्हणून तो कमी करा. मात्र मोबाइल बंद करून बघू, असं म्हणत तपासणी सहा महिने लांबवू नका. वडील विचारतात, "बरा होईल का?" मी सांगते, हा ताप नाही, उतरण्यासारखा. तो शिकेल, त्याच्या पद्धतीने शिकेल, आणि आपण ती पद्धत शोधू. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराच्या जाहिराती पाहून जमीन विकायला निघालेले वडील भेटतात तेव्हा माझा जीव तुटतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 सालीच सांगितलं आहे की स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये. तो पैसा वाचवा. वाचाउपचार म्हणजे स्पीच थेरपी, व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षण आणि तुमचा रोजचा वेळ यांवर खर्च करा.

जायचं कुठे? 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि काही शंका असेल तर पथकातल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. पुढची मोफत तपासणी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. प्रमाणपत्रामुळे परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. लाजू नका, तो मुलाचा हक्क आहे. आणि अहवाल मराठीत समजावून मागा. तुम्हाला वाचता येत नाही असा अहवाल तुमच्या काय कामाचा?

तपासणीला येताना लसीकरणाचं कार्ड आणा, जुने कागद आणा, शाळेच्या दोन-तीन वह्या आणा. घरात खेळताना, जेवताना, पाहुण्यांमध्ये मूल कसं वागतं याचे छोटे व्हिडिओ मोबाइलवर घेऊन या, माझ्यासमोर न दिसणारं त्यात दिसतं. मुलाची झोप झालेली असू द्या, पोट भरलेलं असू द्या. "मॅडम सुई टोचतील" अशी भीती घालू नका. आणि आदल्या रात्री रंगांची नावं, अंक पाठ करून घेऊ नका. मूल रोज जसं असतं, तसंच आणा.

नमस्कार.