एक पौंड गर : सॅन अँटोनिओ, 1939

[छायाचित्र : लांब टेबल, दोन्ही अंगांना बसलेल्या बायका. चौकट सावकाश हातांवर सरकते.]

आधी हात बघा. चेहऱ्यांकडे नंतर येऊ.

डाव्या चिमटीत फुटकं कवच, उजव्या हातात छोटीशी सुरी. पुढ्यात टरफलांची रास. काळ मार्च 1939, ठिकाण अमेरिकेच्या टेक्सस राज्यातलं सॅन अँटोनिओ शहर. महामंदीचं दहावं वर्ष चालू आहे. या टेबलाशी बसलेल्या बायका मेक्सिकन वंशाच्या आहेत. कुणी सीमेपलीकडून आलेल्या, कुणी इथेच जन्मलेल्या. त्या पेकन सोलताहेत.

पेकन म्हणजे अक्रोडाचा भाऊबंद. अक्रोड गोल आणि सुरकुतलेला, पेकन लांबट आणि गुळगुळीत. टेक्ससच्या नद्यांच्या काठी हे झाड आपोआप उगवतं. 1919 पासून तो त्या राज्याचा अधिकृत वृक्ष आहे. तिसाच्या दशकात अमेरिकेतल्या पेकनपैकी जवळजवळ निम्मा माल टेक्ससचा होता, आणि टेक्ससमधला निम्मा माल सॅन अँटोनिओपासून अडीचशे मैलांच्या आत पिकायचा. म्हणून सोलण्याचा धंदा इथे एकवटला. शहरात असे सुमारे 400 कारखाने होते. कारखाने म्हणायचं इतकंच, प्रत्यक्षात त्या पत्र्याच्या नाहीतर फळ्यांच्या शेड होत्या.

[छायाचित्र : शेडचा अंतर्भाग. मागची भिंत अंधारात, पुढचे चेहरे लख्ख उजेडात.]

हा उजेड खिडकीतून आलेला नाही, तो फ्लॅशचा आहे. छायाचित्रकार रसेल ली. शिक्षणानं रसायन अभियंता, पुढे कॅमेऱ्याकडे वळलेला. फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्यासाठी तो देशभर हिंडत होता. खात्यातले बरेच छायाचित्रकार दारातल्या नैसर्गिक उजेडात काम भागवायचे. ली थेट आत शिरायचा आणि फ्लॅश मारायचा. त्यामुळे एरवी कुणाला दिसल्या नसत्या अशा खोल्यांचे कोपरेसुद्धा आज आपल्याला दिसतात. या शेडमध्ये पुरेसा उजेड नसायचा, वारा खेळत नसे, हात धुवायची सोय नव्हती, आत शौचालयही नव्हतं. छायाचित्रातला लखलखाट तेवढ्या क्षणापुरता. तो विझला की बायका पुन्हा मिणमिणत्या उजेडात सुरी चालवायला लागायच्या.

[छायाचित्रांची मालिका : पोती, फोडलेले पेकन, हात जवळून.]

आता काम कसं चालायचं ते नीट बघू, कारण या फितीचा जीव त्यातच आहे.

पेकन पोत्यांतून यायचे. आधी ते ओले करायचे. कोरडा पेकन फोडला की आतला गरही कवचाबरोबर चुरतो. ओलाव्यानं गर थोडा लवचीक होतो. मग फोडणारे, बहुतेक पुरुष, एकेक पेकन दाबून तडकवायचे. दाब नेमका हवा. कमी पडला तर कवच तसंच राहतं आणि जास्त झाला तर गराचा भुगा होतो. तडकवलेला माल टेबलांवर यायचा आणि तिथून पुढचं सगळं बायकांच्या बोटांवर.

पेकनच्या आत दोन लांब फोडी समोरासमोर बसलेल्या असतात. दोघींच्या मध्ये तपकिरी, लाकडासारखा पडदा. प्रत्येक फोडीच्या पाठीवर दोन खोल खाचा, आणि त्या खाचांत त्याच पडद्याचे कण अडकलेले. हा पडदा अतिशय कडू असतो. एवढासा तुकडा जरी गरात राहिला तरी खाणाऱ्याचं तोंड वाईट होतं. म्हणजे कवच काढलं की काम संपलं असं नाही, खरं काम तिथून सुरू होतं. सुरीचं टोक खाचेत घालायचं, कण उकरून काढायचा, आणि हे करताना फोड मोडू द्यायची नाही. अख्ख्या फोडीला जास्त दर, तुकड्याला कमी.

आणि हे दिवसभर. ओल्या कवचाचा काळपट रंग नखांत बसतो, टोकदार कडांनी बोटांची टोकं चिरतात. याला अकुशल काम म्हणत. ज्यांनी म्हटलं त्यांनी एक तरी पेकन न मोडता सोलून बघायला हवा होता.

[छायाचित्र : तराजू. शेजारी गराचं भांडं.]

गराचं माप पौंडात. पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा थोडं कमी. टेक्ससचा रानपेकन बारीक, त्याच्या चार-पाचशे अर्ध्या फोडी एका पौंडात सहज मावतात. 1938 च्या सुरुवातीला दर होता तुकड्याला पौंडामागे 6 सेंट आणि अख्ख्या फोडीला 7 सेंट. तो उतरवून 5 आणि 6 करण्यात आला. फोडणाऱ्यांना 100 पौंडांमागे 50 सेंट मिळायचे, त्याचे 40 झाले.

5 सेंटांच्या दरानं 50 पौंड सोलले तर अडीच डॉलर. आणि अडीच-पावणेतीन डॉलर हीच आठवड्याची कमाई होती. सरकारच्या रोजगार योजनेच्या संशोधकांनी 1938 मध्ये घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा सोलणाऱ्याची आठवड्याची सरासरी मजुरी 2 डॉलर 73 सेंट निघाली. अख्ख्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 251 डॉलर, आणि त्यात घरातल्या सगळ्यांनी केलेली सगळी कामं धरलेली.

एवढ्या कमी मजुरीचं गणित साधं होतं. दुसऱ्या शहरांत पेकन फोडायला यंत्रं आली होती. सॅन अँटोनिओत धंद्यावर पकड होती सदर्न पेकन शेलिंग कंपनीची, म्हणजे ज्युलियस सेलिगमनची. त्या कंपनीनं हातकामच चालू ठेवलं. मंदीत माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडत होता. कंपनी माल मुकादमाला द्यायची, मुकादम शेड चालवायचा आणि सोललेला गर कंपनीला परत द्यायचा. बाई मजुरी मागायला जाणार ती मुकादमाकडे, आणि मुकादमाचे स्वतःचे हात वरच्या दरानं बांधलेले. काही माल तर घरीच जायचा. रात्री चुलीपाशी आई, आजी आणि शाळेतून आलेली पोरं, सगळी एकाच राशीभोवती.

[छायाचित्र : फळ्या आणि पत्रे ठोकून उभी केलेली घरं. दोन घरांमध्ये अंगणभर चिखल.]

त्या घरांकडे जाऊ. शहराचा हा पश्चिम भाग, वेस्ट साइड. सॅन पेद्रो ओढा ओलांडला की रस्त्यांचं रूप बदलायचं. एका आवारात दाटीवाटीनं खोल्या, सगळ्यांना मिळून एक नळकोंडाळं, कोपऱ्यात संडासाच्या खोपट्या. त्याच पाहणीत घरात नळ असलेली कुटुंबं शंभरात बारा निघाली. विजेचा दिवा चौघांत एकाकडे.

[छायाचित्र : बादली घेऊन नळाकडे जाणारी बाई.]

पाणी भरणं, मका वाटणं, तोर्तिया थापणं, घेवड्याची उसळ शिजत ठेवणं, आणि हे सगळं शेडवर जायच्या आधी.

[छायाचित्र : घराच्या कोपऱ्यातला देव्हारा. ग्वादालुपेच्या मातेची, म्हणजे मेक्सिकन लोकांच्या मेरीमातेची तसबीर, कागदी फुलं.]

इथे घाई करत नाही, ही तसबीर थोडी पाहू द्या. भिंतीच्या फटी वर्तमानपत्रांनी बुजवलेल्या आहेत, पण तसबिरीभोवतीची फुलं कात्रीनं नीट कापून, पाकळ्या वळवून केलेली आहेत. ज्या बोटांनी दिवसभर पेकनच्या खाचा साफ केल्या, त्याच बोटांचं हे काम.

सॅन अँटोनिओत क्षयानं होणारे मृत्यू लाख लोकांमागे 148 होते. देशाची सरासरी 54. पेकनच्या बारीक तपकिरी धुळीकडे त्या काळीही बोट दाखवलं जायचं. दाटीवाटी, ओल आणि अर्धपोटी राहणं हे सगळं त्यात होतंच. इथल्या ग्वादालुपे चर्चचे फादर कार्मेलो त्रांकेसे ही आवारं पाडून धड घरं बांधा म्हणून वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागले होते. वॉशिंग्टनपर्यंत पत्रं गेली, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी त्यात लक्ष घातलं, आणि अलासान-अपाची कोर्ट्स ही सरकारी वसाहत उभी राहू लागली. 1940 मध्ये तिथे पहिली बिऱ्हाडं आली.

[छायाचित्र : नदी. दोन्ही काठांवर दगडी बांधकाम, मजूर.]

आणि हेही त्याच शहरातलं, त्याच काळातलं. 1939 मध्ये रोजगार योजनेतून नदीचे काठ बांधायला सुरुवात झाली. आराखडा वास्तुविशारद रॉबर्ट हगमन यांचा. दगडी जिने, कमानीचे पूल, पायवाटा. आज पर्यटक जिथे होडीत बसतात तो हा रिव्हर वॉक. 1921 च्या सप्टेंबरात इथे मोठा पूर आला होता. सर्वाधिक माणसं गेली ती वेस्ट साइडच्या अलासान ओढ्याकाठची. पुरानंतर धरण बांधलं गेलं ओल्मोस ओढ्यावर, आणि त्यानं वाचवली ती बाजारपेठ.

[छायाचित्र : बाजाराचा चौक. भाजीच्या गाड्या, टोप्या घातलेले पुरुष.]

संध्याकाळ मात्र चौकाची. प्लाझा देल साकाते, म्हणजे गवताचा बाजार. तिथे मेजं मांडली जायची, कंदील लागायचे आणि बायका चिली म्हणजे मिरची घातलेला मांसाचा झणझणीत रस्सा, आणि तमालेस म्हणजे मक्याच्या पिठाचे सालपटात गुंडाळून उकडलेले उंडे विकायच्या. गावानं त्यांना ‘चिली क्वीन’ म्हणजे चिलीच्या राण्या असं नाव दिलं होतं. 1937 मध्ये आरोग्य खात्यानं त्यांना उठवलं, 1939 मध्ये नवे महापौर मॉरी मॅव्हरिक यांनी परत बोलावलं. गिटार घेतलेले गवई मेजांमधून फिरायचे. लिडिया मेंडोझा ही पुढे गाजलेली गायिका याच चौकात गाऊन लोकांसमोर आली. आठवडाभर पाच-पाच सेंट जमवणारं माणूसही इथे घटकाभर उभं राहायचं.

[छायाचित्र : सिटी हॉलच्या पायऱ्या. मूठ उंचावून बोलणारी तरुणी, भोवती गर्दी.]

हे छायाचित्र लीचं नाही, 1937 मध्ये एका स्थानिक वृत्तपत्राच्या छायाचित्रकारानं टिपलेलं आहे. ही एम्मा तेनायुका. जन्म 1916, सॅन अँटोनिओतच. शाळेत होती तेव्हापासून आजोबांबरोबर चौकातली भाषणं ऐकायला जायची. बेकारांच्या संघटनेत तिनं काम सुरू केलं ते तिथूनच. ती कम्युनिस्ट होती आणि लपवत नव्हती.

31 जानेवारी 1938 ला, मजुरीतला तो एक सेंट कापला गेल्यावर, हजारो माणसं टेबलांवरून उठली. शहरात पेकन सोलणारे 12,000 च्या आसपास होते. एकविसाव्या वर्षी तेनायुका त्यांची पुढारी झाली. शेडच्या बाहेर उभ्या राहणाऱ्या बायकांवर फुटपाथ अडवल्याचे गुन्हे दाखल झाले, अश्रुधूर सोडला गेला, सातशेहून जास्त अटका झाल्या. पोलिसप्रमुख ओवेन किल्डे यांच्या मते हा संपच नव्हता, ही क्रांतीची तयारी होती. तुरुंगात बायका एकेका कोठडीत दाटीनं कोंबल्या गेल्या. तेनायुकाच्या कम्युनिस्ट असण्याचा बाऊ होऊ लागला, तेव्हा राष्ट्रीय युनियननं सूत्रं आपल्याकडे घेतली. तेनायुका पत्रकं काढत राहिली, मागे राहून काम करत राहिली. 37 दिवसांनी दोन्ही बाजू लवादाला तयार झाल्या.

[छायाचित्र : शेडचं बंद दार.]

त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला देशभर किमान वेतनाचा कायदा लागू झाला, तासाला 25 सेंट. शेड बंद पडल्या, मग उघडल्या त्या यंत्रं घेऊन, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत दहा हजारांवर माणसांचं काम गेलं. ऑगस्ट 1939 मध्ये तेनायुकाची सभा जमावानं उधळली आणि तिला शहर सोडावं लागलं. बरीच कुटुंबं ट्रकांत बसून मिशिगनकडे गेली, बीट खुरपायला.

[पहिलं छायाचित्र पुन्हा. लांब टेबल.]

रसेल ली आला तो मार्च 1939 मध्ये. म्हणजे संप होऊन गेलेला, कायदा लागू झालेला, यंत्रं दारात आलेली. हा युनियनचा कारखाना, आणि इथे हातकाम अजून चालू होतं. या टेबलाशी बसलेल्या बायका म्हणजे मागे उरलेल्या थोड्या.

आता चेहरे बघा.

[चौकट एकेका चेहऱ्यावरून सावकाश. निवेदन नाही. फक्त कवच फुटल्याचा आवाज.]