त्यांना कळलंच नाही, ते सोनं आहे

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिलीत. कोल्हापूरच्या माणसाची पाच मिनिटं 'काय भावा, बरं हाय का' एवढ्यातच जातात, पण बघतो.

परवा, खऱ्या दसऱ्याला (आपला इथला दसरा म्हणजे हॉल मिळेल तो शनिवार) मी घरी सोनेरी कार्डशीटची आपट्याची पानं कापत बसलो होतो. आमची नऊ वर्षांची लेक त्यातलं एक समोरच्या आजींना देऊन आली. म्हणाली, "बाबा, त्यांनी ते पुस्तकात खुणेला घातलं. त्यांना कळलंच नाही, ते सोनं आहे. मग ते सोनं होतं का?"

मी लगेच रघुराजा, कौत्स, कुबेर, ती आपट्याच्या सोन्याची गोष्ट सुरू केली. आतून बायको म्हणाली, "ती ते विचारत नाहीये." तिथून जे वाजलं आमचं, ते झोपेपर्यंत.

कोल्हापूरचा दसरा चौक आठवा. पालख्या आल्या, महाराजांची मेबॅक गाडी आली, शमीपूजन झालं, की सोनं लुटायला जी झुंबड उडायची! सातवीत असताना त्या झुंबडीत माझी एक चप्पल गेली आणि हाताला तीन पानं लागली, त्यातलं एक फाटकं. अनवाणी घरी आलो. आईनं आधी पानं देवापुढं ठेवली, मग चपलेचं काढलं.

रात्री वडिलांना फोन लावला, कार्डशीटची लाज वाटत होती म्हणून. ते हसले. "अरं, हितं तरी खरा आपटा कुठं मिळतोय? कांचनाची पानं आणून खपवत्यात. आम्हीबी सोनंच म्हणतो."

म्हणजे पान खोटं असलं तरी चालतं. मानणारी माणसं लागतात. पण लेकीचा प्रश्न मला दुसरीकडंच घेऊन गेला. विटाळसुद्धा असाच सगळ्यांनी मिळून मानलेला ना? अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात कुणी चहा प्यायला जाईना, तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायले, सोबतच्यांनाही पाजला. चहा सगळीकडं असतो तसाच होता. आणि आपण? इथं नवं कुटुंब आलं की दुसरा प्रश्न आडनावाचा, आणि तिसरा, आवाज बारीक करून, "म्हणजे तुमच्यात..." रागावू नका, मीही विचारलाय. मागच्याच पिकनिकला. ही चाल मात्र आपण बॅगेत नीट घडी घालून आणली, आपटा तेवढा राहिला.

आपल्या पोरांपैकी किती जण मोठेपणी कुणाच्या हातावर पान ठेवतील, मला खरंच सांगता येत नाही. माझी ठेवेल, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आज निघताना ती गाडीत म्हणाली, "पुढच्या वर्षी आजींना आधी सांगून देऊ, की नुसतंच देऊ?" मी म्हटलं, "बघू." ती खिडकीबाहेर बघायला लागली. आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय, ते तिला पक्कं ठाऊक आहे.