उंच बैठकीचं पांढरं तबक

नमस्कार श्रोतेहो. डोळ्यांसमोर एक उथळ, गोल तबक आणा, अगदी बुटक्या काठाचं. ते एका उंच, आतून पोकळ बैठकीवर बसवलेलं आहे. ही बैठक कधी गोल असते, कधी सुरीनं पैलू पाडलेली. रंग पांढरा, पण नीळ दिलेल्या धोतरासारखा. झिलईत लोहाचा अंश असतो, आणि धुरकट भट्टीत प्राणवायू कमी पडला की तो असा निळसर उतरतो.

कोरियात या भांड्याला 'जेगी' म्हणतात. पितरांच्या विधीचं, म्हणजे 'जेसा'चं हे भांडं. जोसॉन राजवट 1392 ते 1910 पर्यंत टिकली. तिच्या सरकारी भट्ट्या सोलजवळच्या ग्वांगजू भागात होत्या. आसपासचं सरपण संपलं की त्या हलवाव्या लागत. 1752 मध्ये त्या हान नदीकाठच्या बुनवॉन-री गावी कायमच्या स्थिरावल्या. सुरुवातीच्या जेगी कांस्यपात्रांची नक्कल करत, अगदी दातेरी कंगोऱ्यांसकट. पुढे हे साधं तबक रूढ झालं. काहींच्या मधोमध निळ्या कोबाल्टनं वर्तुळ काढून त्यात 'विधी' या अर्थाचं एक चिनी अक्षर लिहिलेलं असतं.

बैठक उंच, कारण अन्न वर उचलून पितरांपुढे ठेवायचं. तांदळाच्या वड्या, म्हणजे 'त्तॉक', नासपती, सुकी मासळी, सगळं रचून ठेवायचं. विधी झाला की घरचे ते वाटून खातात. त्याला 'उम्बॉक' म्हणतात, आपल्या भाषेत प्रसादच. पण भांडं रोजच्या जेवणात येत नसे. ते मेजावर मांडायची आवड मुख्यतः जपानी रसिकांची. विसाव्या शतकाच्या आरंभी आसाकावा बंधू आणि यानागी मुनेयोशी यांनी जोसॉन भांड्यांकडे लक्ष वेधलं आणि 1924 मध्ये सोलमध्ये त्यांचं संग्रहालय उघडलं.

आता वापराचं. तबक सपाट आहे, त्यामुळे रस्सा लगेच काठावरून ओघळतो. कोरडं वाढा: वड्या, लाडू, फळांच्या फोडी. तेही मधोमध, कारण वजन काठाकडे गेलं की उंच भांडं कलंडतं. जेसाच्या अन्नात तिखट आणि लसूण टाळतात. आपण मात्र हळदीचे लोक, आणि जुन्या पोर्सेलिनची, म्हणजे या पांढऱ्या चिनी मातीची, खरी वैरीण हळदच. भट्टीत आच कमी लागलेल्या नगाची माती पाणी पिते आणि झिलईत केसासारख्या चिरा असतात. तेल आणि रंग त्यातून आत उतरले की पुसून निघत नाहीत.

म्हणून वाढण्याआधी भांडं अर्धा तास साध्या पाण्यात बुडवून ठेवा, मग पुसून घ्या. भोकं पाण्यानं भरली की तेलाला जागा उरत नाही. जेवण झालं की लगेच कोमट पाण्यानं, मऊ स्पंजनं धुवा. वरून कोरडं दिसलं तरी माती आतून ओली असते. दोन-तीन दिवस उघड्यावर वाळू द्या, नाहीतर कपाटात कुबट वास धरतं. कपडे पांढरे करायचं ब्लीच अजिबात नको: त्याचे क्षार चिरांत सुकतात आणि झिलईचे पापुद्रे सुटतात. मायक्रोवेव्ह, भांडी धुण्याचं यंत्र, उकळतं पाणी, सगळं वर्ज्य.

विकत घेताना आधी भांडं उपडं करा. बैठक बहुधा वेगळी घडवून ओल्या मातीनं चिकटवलेली असते, म्हणून तडा तिथेच जातो. नखानं हलकी टिचकी मारा. आवाज घुमला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी चीर असू शकते. काठ एका बाजूला झुकलेला दिसला तर बिचकू नका: आधार फक्त मध्ये, त्यामुळे भट्टीच्या आचेत कडा खाली येतात. बुडाला चिकटलेली खरखरीत वाळूही भट्टीतलीच. ती एकावर एक ठेवलेल्या भांड्याची झिलई खरवडते, म्हणून मध्ये फेल्टचा तुकडा घालाच. उचलताना काठ धरू नका. एक हात बैठकीला, दुसरा तबकाखाली.

शिसं उतरेल का, असं विचारतात. ही झिलई चुना, राख आणि खडकाच्या भुकटीची, बाराशे अंशांच्या वर भाजलेली, म्हणून मूळ भांड्यात ती भीती नाही. भीती डागडुजीची. रेझिन भरून वर रंग मारलेला टवका डोळ्यांना फसवतो, पण अतिनील दिव्याखाली बहुतेक वेळा वेगळा चमकतो. असा भाग अन्नाला लावू नका. त्या भांड्यात नुसती अख्खी, न सोललेली फळं ठेवा.