जट

(दृश्य : पाठमोरी बसलेली बाई. मानेवरून कमरेपर्यंत उतरलेली जट, तिच्यात अडकलेला भंडारा.)

जट म्हणजे न विंचरलेले केस. तेल नाही, पाणी नाही, वरून घाम आणि भंडारा, मग केसांचा दोर वळत जातो. एकदा भिजली की लवकर वाळत नाही. आत उवा होतात, वास येतो, मानेला सारखी ओढ लागते. पण निपाणीपासून सौंदत्तीपर्यंतच्या पट्ट्यात पोरीच्या डोक्यात अशी गाठ दिसली, की घरातली म्हातारी फणी बाजूला ठेवते. म्हणते, "आई आली."

आई म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा देवी. मार्गशीर्षातल्या पुनवेला कोल्हापूर-गडहिंग्लजकडून गाड्या भरून येतात, चौंडकं घुमतं, "उदं गं आई उदं" करत माणसं डोंगर चढतात.

या गर्दीत लुगडं नेसलेला, डोक्यावर जग (देवीचा मुखवटा बसवलेली टोपली) घेतलेला जोगता, म्हणजे देवीला सोडलेला पुरुष, बघा. मुलगा बायकी चालतो म्हणून चावडीवर ज्याची टर उडवली, त्याच्याच हातात परडी आली की तीच माणसं त्याच्या पाया पडतात. चाल तीच, मुरकाही तोच.

(दृश्य : लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, जवळून.)

हे मणी. कानडीत मुत्तू. ते गळ्यात बांधले की पोरगी देवीची झाली, तिचं लग्न होत नाही. मराठीत तिला 'देवीला सोडलेली' म्हणतात. कुणी सोडली, कशासाठी, हे त्या शब्दात येत नाही. घरात आजारपण हटेना, मुलगा होईना किंवा नुसती जट आली, एवढंही कारण पुरायचं. तिने जोगवा मागितला तर पुण्य. पुढे ती कुणाकडे राहिली की तिचं नाव दबक्या आवाजात. तिला ठेवणाऱ्याला गाव 'मालक' म्हणतं. त्याला यापेक्षा वाईट शब्द कुणी शोधला नाही.

बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा, १९३४ साली, मुलगी देवाला वाहण्यावर कायद्याने बंदी आली. १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. १९८२ साली कर्नाटकाने स्वतःचा कायदा केला. सोडणारे आईबाप असतील तर त्यांना त्यात शिक्षा जास्त ठेवली, पाच वर्षांपर्यंत. आजोबांच्या काळी जो नवस होता, तो नातवाच्या काळी गुन्हा झाला. विधी मात्र थांबला नाही, देवळातून उठून रात्रीच्या वेळी घरात गेला.

(इथे जरा बाजूला जाऊन. १ नोव्हेंबरला बेळगावात एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसऱ्यावर महाराष्ट्रात जाऊ मागणाऱ्यांच्या काळ्या फिती. एकाच दिवशी कोण शहाणा आणि कोण आगाऊ, हे तुम्ही कुठल्या रस्त्यावर उभे आहात त्यावर ठरतं. आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. गल्लीतल्या जोगतिणीपाशी आलो की नेमकी विसरते.)

हॉवर्ड बेकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली मांडलं, की विचलन, म्हणजे रीतीबाहेरचं ठरणं, हे वागण्यात नसतं. नियम करणारे आणि शिक्का मारणारे ते ठरवतात. बेळगाव जिल्ह्यातल्या घटप्रभा गावच्या बायकांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९९७ साली तिथे पूर्वीच्या देवदासींनीच आपली संघटना उभी केली. लहानपणी देवीला सोडलेल्या सीतव्वा जोडट्टी तिच्या कामात पुढे आल्या, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

(दृश्य : अंगणात खुर्ची, कात्री, खाली पसरलेला जुना पेपर.)

अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते जट कापायला येतात, तेव्हा आधी तासन्‌तास बोलत बसतात. कापायला वेळ लागत नाही. जट पेपरवर पडते. बाई मान डावीकडे वळवते, उजवीकडे वळवते, मागे हात नेऊन चाचपते.

पेपर उचलायला घरातलं कुणी पुढे होत नाही. उंबऱ्यापाशी शेजारणी उभ्या आहेत. आता पुढचे आठ-पंधरा दिवस त्या या घरावर नजर ठेवतील: कुणाला ताप येतोय का, म्हैस आटतेय का.